मिळकत जिथं असेल तिथं

दावा परत आला तेव्हा सयाजी होवाळ लेथवर उभा होता. हरला असता तर निदान हरल्याचं दुःख तरी करता आलं असतं, चार माणसांत बसून नशिबाला शिव्या देता आल्या असत्या. हा नुसताच परत आला, पत्ता चुकलेल्या पाकिटासारखा. कुपवाडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारच्या वेळी टपाल यायचं, आणि त्यातलं एक लांबडं पाकीट कुणीतरी त्याच्या मशिनवर ठेवून गेलं. त्यानं तेलकट हात चड्डीला पुसले आणि कागद काढला. शेवटच्या पानावर विट्याच्या कोर्टाचा शेरा होता: दाव्यातील मिळकत या न्यायालयाच्या स्थानिक अधिकारक्षेत्रात असल्याचे दिसून येत नाही, सबब मिळकत जिथे असेल तेथील न्यायालयात दाखल करण्यासाठी दावा परत. त्यानं तो तीनदा वाचला. दिसून येत नाही म्हणजे काय रं? दोन एकर दहा गुंठे रान, त्यात दोन बाभळी आणि एक खडकाळ टेकाड. ते काय सुई आहे हरवायला? सबंध दिवस तो इथं केसाएवढा फरक मोजत उभा असायचा, केसभर जास्त कापलं तर जॉब भंगारात जायचा, आणि त्याचं स्वतःचं रान कुठल्या जिल्ह्यात आहे ते सरकारला सापडत नव्हतं. त्याला हसू आलं, मोठ्यानं आलं, आणि शेजारच्या मशिनवरच्या माणसानं वळून पाहिलं तसं ते रागाच्या जागी जाऊन बसलं.

संध्याकाळी तो सायकल दामटत आप्पासाहेब वकिलांकडे गेला. हे वकील सांगलीतच बसायचे आणि तारखेला विट्याला जायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शेरा वाचला आणि ‘अपेक्षितच होतं’ असं तोंड केलं. सयाजीला त्या तोंडाचा संताप आला. अपेक्षित होतं तर आधी का नाही बोलला, बाबा? वकील म्हणाले, “होवाळ, नीट ऐका. तुमचं सोनंनाणं, भांडीकुंडी, फंडाचे पैसे, हे सगळं तुमच्यामागं सांगलीला आलं. त्याच्यासाठी इथं भांडता येतं. जमीन कुणाच्या मागं येत नाही. जमिनीचा दावा जमीन जिथं तिथंच. आता तुमच्या हातात प्रांतसाहेबांची ऑर्डर आहे सांगली जिल्ह्याची; कोरेवाडी, तालुका आटपाडी. आणि सातबारा निघतो तो पिंपरणीचा. तालुका माण, जिल्हा सातारा, नाव तुमच्या बांधाशेजारच्या नानासोंचं. विट्याचं कोर्ट म्हणणार, माणच्या जमिनीवर बोलायला मी कोण?”

“मग दहिवडीला दावा टाकू. तितं तर माणचंच कोर्ट हाय.”

“टाका. तिथं पहिला प्रश्न हा येईल की साताऱ्याची जमीन सांगलीच्या प्रांतानं तुमच्या वडलांना दिलीच कशी? म्हणजे तुमची ऑर्डर रद्दी. दहिवडीला जायचं म्हणजे जमीन साताऱ्याची आहे हे आपणच कबूल करायचं.” वकिलांनी चष्मा खाली ओढला. “जमीन कोरेवाडीच्या शिवेत आहे हे आधी सिद्ध करा. दोन्ही जिल्ह्यांच्या मोजणी खात्याला अर्ज देऊ, एकत्र मोजणी मागू. पण होवाळ, येत्या मे महिन्यात नानासोंच्या वहिवाटीला बारा वर्षं भरतात. भरली की कुठलंच कोर्ट तुमचं ऐकणार नाही. आणि शिवेवरचे दगड तर उपटलेत म्हणता. जागेवर शीव दाखवायला कुणी जाणता लागेल. पूर्वी गावात हे काम कुणाकडे असायचं?”

विचारलं ते अगदी साधेपणानं. मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. पण सयाजीच्या कानशिलात गरम झालं. तो नुसताच ‘बघतो’ म्हणाला आणि उठला.

हे काम कुणाकडे असायचं! सायकल हातात धरून तो चालत निघाला. हे काम त्याच्या बापाकडे असायचं, नाथाजीकडे, आणि नाथाजीच्या बापाकडे, आणि त्याच्या मागच्या कुणाकुणाकडे. कोरेवाडी औंध संस्थानात आणि ओढ्यापलीकडची पिंपरणी खालशात, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यात. दोन गावांमधली शीव म्हणजे दोन राज्यांमधली. चोरानं ढोर कुठं कापलं, मुडदा कुठल्या बाजूला सापडला, सारा कुणी घ्यायचा, फौजदार कुठला यायचा, सगळं त्या एका रेघेवर. आणि ती रेघ कागदावर असेल नसेल, महाराच्या पायात असायची. तंटा झाला की नाथाजीला बोलावणं यायचं. ओल्या धोतरानं, अनवाणी, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घेऊन तो चालायचा. खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो अशी समजूत. दोन्ही गावचे पाटील, दोन्ही गावची शहाणी माणसं त्याच्या मागून मुकाट चालायची. वर्षभर ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या पावलामागं त्या दिवशी दोन राज्यं चालायची! आणि काम झालं की ढेकूळ खाली, आणि माणूस पुन्हा गावाच्या कडेला. एक्कावन्न साली नाथाजी शेवटचा चालला. संस्थानं तोवर गेली होती, पण रिवाजाला कुणी कळवलं नव्हतं. सयाजी तेव्हा मिसरूड फुटलेला होता, बापाच्या मागं होता. बाप पुढं तोंड करूनच हळू आवाजात सांगत होता: “हितं दगडाखाली कोळसा पुरलाय. दगड हालतोय, कोळसा कुजत न्हाई. ध्येनात ठेव.” आणि शेवटच्या वळणाला येऊन म्हणाला होता, “हितनं शीव आत वळती बघ. आपल्या रानातली सात गुंठं पिंपरणीच्या हद्दीत हायती. आपला नांगर पैल्यापास्नं फिरतोय, कुणी बोलत न्हाई. पर आपली न्हवंत ती.”

मग छप्पन्न साल आलं. नाथाजीनं दीक्षा घेतली आणि महारकीची घुंगुरकाठी चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवली. मढं ओढणार न्हाई, सांगावा नेणार न्हाई, शीव दावणार न्हाई. एवढंच बोलला, आणि मागं न पाहता घरी आला. सयाजीच्या उभ्या आयुष्यात बापाइतका ताठ माणूस त्यानं पाहिला नव्हता. पुढं वतनं गेली, प्रांताची ऑर्डर आली, वतनाचं ते रान नाथाजीच्या स्वतःच्या नावावर झालं. आणि त्रेसष्टच्या मे महिन्यात मोजणीवाले आले. त्यांनी चावडीत विचारलं, शीव दाखवणारा कोण? माणूस नाथाजीच्या दारात आला. नाथाजी उंबऱ्यात बसला होता. “त्ये काम माझं न्हाई. सरकार हाय, नकाशा हाय, साखळी हाय. मोजा म्हनावं.” गावानं पुन्हा माणूस धाडला, नाथाजी हलला नाही. त्याला वाटलं, सरकारला आपली गरज पडूच नये, आणि त्याचं काय चुकलं? एवढं मोठं सरकार आणि त्याला एका म्हाताऱ्याच्या अनवाणी पायाशिवाय हद्द कळू नये! पण तिकडं बांधावर नानासो उभे होते, पांढऱ्या टोपीत, पाण्याची कळशी घेऊन. त्यांनी बोट केलं तिथं साखळी पडली. दोन तासांत रान जागचं न हलता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. पुढल्या पंधरवड्यात नानासोंनी नांगर घातला. सयाजी तेव्हा सांगलीत लेथ शिकत होता. त्याला दोन महिन्यांनी कळलं.

त्याला खरं जाळायचं ते पुढचं. नाथाजी दर वर्षी शेतसारा घेऊन कोरेवाडीच्या चावडीत जायचा. तलाठी म्हणायचा, नाथाजी, तुझा नंबर माझ्या दफ्तरात नाही, पिंपरणीला जा. पिंपरणीला गेला की तिथला तलाठी म्हणायचा, इथं नानासोंचं नाव आहे, तुझा सारा मी कसा घेऊ? सगळी दुनिया सारा चुकवायला बघते, आणि हा माणूस हातात सुटे पैसे धरून दोन चावड्यांच्या पायऱ्या झिजवत होता, की घ्या हो, माझ्याकडून सारा घ्या. कारण सारा घेतला म्हणजे रान त्याचं. पाच वर्षं गेला. सहाव्या वर्षी सयाजीनं त्याला सांगलीला आणला, आणि आणताना एसटीत, भरल्या गाडीत, तोंडाला येईल ते बोलला. “येक दिस चालला आसतास तर काय झालं आसतं? येक दिस!” नाथाजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “चाललो आसतो तर रान ऱ्हायलं आसतं, गड्या. पर पुना दर वक्ती चालावं लागलं आसतं.” त्यावर सयाजी काही बोलला नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. निदान ‘खरं हाय’ एवढं तरी. म्हातारा सांगलीतही तसाच राहिला. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर हात मागं बांधायचा आणि म्हणायचा, “दुसऱ्याला इचारा.” कुणालाही, कशालाही म्हणून त्यानं पुन्हा बोट करून दाखवलं नाही. पोरं हसायची. एकाहत्तर साली गेला, तोवर हसायची.

आणि आता कुणीतरी जाणता हवा होता. सयाजीला शीव पाठ होती. डोळे मिटले तरी तळव्यांना ती कळत होती, कुठं मुरूम टोचतो, कुठं भुसभुशीत लागतं, कुठं चढण. आठवडाभर तो लेथवर उभा राहून मनातल्या मनात चालत होता आणि दर वेळी पहिल्या दगडाशी थांबत होता. गेलो तर रान वाचेल. पण गेलो म्हणजे चावडीनं बोलावलं आणि होवाळ आला. जे करायचं नाही म्हणून बापानं रान घालवलं, तेच आपण रानापायी करायचं? एकदा त्याला वाटलं, जाऊ दे, सोडून देऊ, नोकरी आहे, डोक्यावर पत्रा आहे. हे वाटल्याबरोबर त्यानं मशिन बंद केलं आणि नळाखाली डोकं धरलं.

शेवटी त्यानं मनूला सांगितलं. त्याची बायको मनूबाई हळदीच्या वखारीत कामाला जायची. तिच्या हातांचा पिवळा रंग कधी जायचा नाही. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आवं, मी दिसभर दुसऱ्याची हळद निवडती. घरी आमटीत घालती ती बी हळदच. दोनी येकच हाय व्हय?”

“तसं न्हवं. गाव काय म्हनंल?”

“गाव म्हनंल त्ये म्हनंल. मामांनी दुसऱ्याची शीव दावायचं सोडलं. सवताची दावू नगा आसं कवा म्हनलं मामा? सांगा की, कवा म्हनलं?”

इतकी वर्षं कोर्ट, वकील, सातबारा, आणि ही एवढीशी गोष्ट चुलीपुढं पडून होती! त्याला तिचा राग आला, मग हसू आलं, मग एकदम भूक लागली. दुसऱ्या दिवशी कामावरनं सुटल्यावर तो वकिलांकडे गेला आणि म्हणाला, “अर्ज टाका. जाणता हाय.”

मोजणी पडली पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत, शाळू काढल्यानंतर. आटपाडीपर्यंत एसटी आणि पुढं पायी. सयाजीनं धुतलेली पँट घातली होती, पायात बूट होते, खिशात ऑर्डरची नक्कल. बांधावर बरीच मंडळी जमली होती: दोन्ही जिल्ह्यांचे भूमापक, दोन्ही गावचे तलाठी, साखळीवाले, दोन पंच, आणि छत्रीखाली नानासो. वय झालं होतं, पण आवाज तोच. “या होवाळ! चल, दाव शीव. बापानं मोडलेला रिवाज लेकानं धरला म्हनायचा. चांगलं हाय!” दोघेचौघे हसले. सयाजी जागचा हलला नाही. एवढ्यात पंचांपैकी एक, बिराप्पा नावाचा म्हातारा धनगर, वाकला, बांधाच्या कडेचं एक ढेकूळ उकरून त्यानं दोन्ही हातांनी पुढं धरलं. त्याच्या मनात खोडी काढायचं नव्हतं. देवाला काही वाहावं तसं धरलं होतं त्यानं ते. “घे लेकरा, डोईवर घे. त्याबिगार कुनी मानायचं न्हाई. तुझ्या बापाच्या डोईवर मी बघितल्यालं हाय.”

“बिराप्पातात्या, ती माती खाली ठेवा,” सयाजी म्हणाला. “शपथ मी कागदावर घेनार हाय. त्यावर सई करनार हाय.”

ढेकूळ तसंच हातात राहिलं. भूमापकाचा कारकून मांडीवर फळी घेऊन लिहीत होता. त्यानं नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं म्हणत लिहिलं, “शीव दाखवणार, कोरेवाडी गावचा गावकामगार...”

“गावकामगार न्हाई. हक्कदार लिवा.”

“असंच लिहायची पद्धत आहे.”

“आसंल. मी गावचा कामगार न्हाई. ज्याचं रान तो मी. तसं लिवा, मग चालतो.”

“हक्क तुझा आहे का नाही, तेच तर ठरायचंय!” कारकून वैतागला.

“मग ‘हक्क सांगणार’ लिवा. तेवढं तर खरं हाय न्हवं?” आणि सयाजी खाली बसला. तापलेल्या ढेकळांत, धुतलेल्या पँटसकट. नानासो म्हणाले, नाटकं! साखळीवाले बाभळीच्या तुटपुंज्या सावलीला सरकले. ऊन डोक्यावर यायला लागलं. सयाजीला कळत होतं की हे सगळे आत्ता उठून निघून जाऊ शकतात, पुढली तारीख जूनमध्ये पडू शकते, आणि मे महिना कुणासाठी थांबत नाही. पण आत, इतक्या वर्षांनी, कुठंतरी काहीतरी घट्ट बसलं होतं. बाप उंबऱ्यात असाच बसला असेल. नाही, तसा नाही. बाप घरात बसला होता, मी रानात बसलोय. अर्ध्या तासानं सांगलीकडचा भूमापक घाम पुसत म्हणाला, “लिहा हो त्याचं. दोन शब्दांसाठी किती उन्हात बसायचं?” कारकुनानं आधीचं खोडलं आणि लिहिलं. सयाजीनं ते वाचून घेतलं, सही केली, आणि उठला.

मग तो चालला. ओढा जिथं फुटतो तिथून सुरुवात. पहिल्या जागी दगड नव्हता; नुसता खड्डा, त्यात काट्याचं झुडूप. “खणा हितं.” हातभर खाली काळा कोळसा निघाला, आणि खापराचे तुकडे. मंडळी खड्ड्याभोवती वाकली. दुसऱ्या जागी कोळसा. तिसऱ्या जागी कोळसा. नानासोंची छत्री मिटली होती कधीतरी. साताऱ्याकडचा भूमापकही आता सयाजीच्या बरोबरीनं चालत होता, आणि रेघ नानासोंच्या बोटापासून दूर दूर, ओढ्याकडे सरकत होती. टेकाड कोरेवाडीत आलं. दोन्ही बाभळी कोरेवाडीत आल्या. सयाजीला रडू येईल असं वाटलं. त्यानं दात आवळले.

तिसऱ्या खुणेपाशी सांगलीकडचा भूमापक थांबला. “बास. तीन जागी मिळालं. आता खणायची गरज नाही. इथून समोरच्या खडकापर्यंत सरळ ओढू रेघ. काय होवाळ?”

सरळ ओढली की सगळं आलं. दोन एकर दहा गुंठे, काट्यावर काटा. कोपऱ्यातली ती काळीभोर पट्टी सुद्धा, सगळ्या रानात चांगली माती तेवढीच. चौथी खूण कुठं आहे ते जगात एका माणसाला माहीत होतं. सरकार सरळ म्हणतंय. मी कुठं म्हणतोय? आणि बारा वर्षं ज्यानं खाल्लं त्याची सात गुंठं आपण खाल्ली तर कुठला वंश बुडतोय? तो समजुतीला भीत नव्हता. ते सगळं त्यानंही टाकलं होतं. त्याला आठवत होतं ते फक्त बापाचं पुढं केलेलं तोंड आणि ‘आपली न्हवंत ती’ म्हणणारा आवाज. बापाच्या डोक्यावर तेव्हा ढेकूळ होतं, मागं गाव होतं, भीती होती. आपल्या मागं काय आहे? आपल्या मागं काहीही नाही. मग आपण खरं चाललो तर ते कुणाच्या धाकानं नाही. आणि खोटं चाललो तर आत्ता लिहून घेतलेले ते दोन शब्द आपणच पुसले. तो खडकाकडे बघत होता, आणि सगळे त्याच्याकडे.

“सरळ न्हाई,” तो म्हणाला. “हितनं शीव आत वळती.”

“आत म्हणजे? तुमच्या रानात?”

“व्हय. या.” तो वळला. चाळीस पावलं चालून गेला आणि टाचेनं काळ्या मातीत खूण केली. “खणा.”

कोळसा निघाला. “ही सात गुंठं पिंपरणीत,” सयाजी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि त्यानं तो कापू दिला. “सातारा जिल्ह्यात. आमचा नांगर उगाच फिरत हुता. लिवून घ्या.”

कारकुनाची लेखणी कागदावर करकरली. मग पंचनामा वाचून झाला आणि सह्या सुरू झाल्या. बिराप्पानं अंगठा दिला, दुसऱ्या पंचानं दिला, तलाठ्यांनी सह्या केल्या. नानासो मात्र हात मागं घेऊन उभे. मोजणी मान्य नाही म्हणतो, अपील करतो, असं काहीबाही पुटपुटत होते.

बिराप्पा म्हणाला, “नानासो, खोटं चालनारा सवताचं रान सोडील व्हय? समद्यांनी बघितलंया. करा सई.”

नानासो सयाजीच्या अगदी जवळ आले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. हलक्या आवाजात, खरोखरच कळत नसल्यासारखं, त्यांनी विचारलं, “सायेब सरळ म्हनत हुता की रं. का सोडलीस सात गुंठं?”

“तुमची हुती म्हनून सोडली,” सयाजी म्हणाला. “आता माझं हाय त्ये तुमी सोडा.”

नानासोंनी मिटलेली छत्री काखेत मारली. मग त्यांनी कारकुनाच्या हातातून पेन घेतलं.